कोळंबीची टक्केवारी आणि कांद्याची बंदी

महाराष्ट्र सरकारनं एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला आणि एक जुना वाद नव्यानं पेटला. वाद व्हायला हरकत नव्हती, पण तो ज्या रीतीनं घातला जातोय ती रीत वाईट आहे. एका बाजूला टक्केवारीवाले आहेत. ते आर्थिक पाहणी अहवाल उघडून दाखवतात, की गेल्या दशकात देशातली पीकशेती वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांनी वाढली आणि मासेमारी व मत्स्यसंवर्धन ८.८ टक्क्यांनी. पुढचा उपदेश तयारच असतो: शेतकऱ्यानं सोयाबीन-कापसाचा नाद सोडावा, शेततळ्यात मत्स्यबीज टाकावं आणि सुखी व्हावं. दुसऱ्या बाजूला शेतीचे कैवारी. आधीच तुटपुंज्या असलेल्या कृषी योजनांना आणखी एक वाटेकरी आणून बसवला, ही त्यांची तक्रार. दोघांनीही एक गोष्ट न तपासता गृहीत धरली आहे, की पीक आणि मासळी एकमेकांच्या विरोधात उभी आहेत आणि कोण जिंकतंय हे टक्क्यांवरून कळतं.

माझ्या मते हा सामनाच बनावट आहे. मासळीची वाढ खरी आहे, पण ती जिथे झाली तिथे मासेमारी नाही, शेतीच चालते. आणि जिथे खरीखुरी मासेमारी चालते तिथे वाढ थांबली आहे. पिकांची वाढ मंद दिसते, त्यात शेतकऱ्याच्या आळसापेक्षा किंवा पारंपरिकपणापेक्षा त्याच्या भावात सरकारनं वेळोवेळी घातलेल्या हाताचा वाटा मोठा आहे. कोळंबीच्या टक्केवारीतून महाराष्ट्रानं काही शिकायचंच असेल, तर ज्याला भाव मिळू दिला तो वाढला, एवढं शिकावं. तळी खोदण्याचा धडा त्यानंतरचा.

आधी टक्केवारीवाल्यांचं जे खरं आहे ते मोकळेपणानं मान्य करू. पाया लहान असला की टक्के मोठे दिसतात, हे नेहमीचं उत्तर इथे पुरत नाही. २०१३-१४ मध्ये देशाचं मत्स्योत्पादन ९५.७९ लाख टन होतं, ते २०२३-२४ मध्ये १८४ लाख टनांवर गेलं. ९५ लाख टन हा काही लहान पाया नव्हे. पीक, पशुधन, वनं आणि मासे मिळून जे उत्पादन मोजलं जातं त्यात मासळीचा वाटा २०११-१२ मध्ये ४.२ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ७ टक्के झाला, पिकांचा ६२.४ वरून ५४.१ वर आला. यामागे सरकारी योजनांची जाहिरात नाही, लोकांच्या ताटात झालेला बदल आहे. २०११-१२ मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या महिन्याच्या खर्चातले सुमारे १०.७ टक्के तृणधान्यावर जात. २०२२-२३ च्या पाहणीत ते ४.९ टक्क्यांवर आले. पोट भरल्यावर माणूस भाकरी दुप्पट खात नाही, कालवण बदलतो. अंडी, दूध, चिकन, मासळी यांची मागणी वाढणार आणि ज्वारी-तांदळाची त्या वेगानं वाढणार नाही, हे जगभर झालं आणि आपल्याकडेही होतंय. ते अमान्य करणारा शेतीचा कैवारी शेतकऱ्याचं काही भलं करत नाही.

पण याच मुद्द्याचा पुढचा भाग टक्केवारीवाले वाचत नाहीत. समजा, देशातलं धान्य वर्षाला ८.८ टक्क्यांनी वाढलं असतं, तर ते ठेवलं असतं कुठे? २०२४-२५ मध्ये अन्नधान्याचं उत्पादन ३५.७७ कोटी टनांवर गेलं. स्वातंत्र्यानंतर १९५०-५१ मध्ये ते जेमतेम पाच कोटी टन होतं. लोकसंख्या वर्षाला सुमारे एक टक्क्यानं वाढत असताना साडेतीन टक्क्यांनी पीक वाढवणं याला रखडणं म्हणायचं कशाच्या आधारावर? बरं, साधा गुणाकारही करून पाहावा. निम्म्याहून अधिक वाट्याचं क्षेत्र साडेतीन टक्क्यांनी वाढतं तेव्हा एकूण वाढीत ते ढोबळमानानं १.९ टक्के भर घालतं. सात टक्के वाट्याचं क्षेत्र ८.८ टक्क्यांनी वाढतं तेव्हा ०.६ टक्के. म्हणजे आजही पिकांची मंद वाढ मासळीच्या वेगवान वाढीच्या तिप्पट भर घालते. पिकांमध्येही सगळी पिकं सारखी नाहीत. फळं आणि भाजीपाला वेगानं वाढला, धान्य त्यामानानं हळू. सरासरी काढली की द्राक्षाचा माळ आणि कोरडवाहू तुरीचं शेत एकाच ओळीत बसतं, आणि मग त्या ओळीकडे बोट दाखवून कोरडवाहू शेतकऱ्याला उपदेश करणं सोपं जातं.

मासळीच्या ओळीतली सरासरी तर याहून फसवी आहे. १९५०-५१ मध्ये देशात साडेसात लाख टन मासे मिळत, त्यातले सव्वापाच लाखांहून अधिक समुद्रातले होते. २०२२-२३ मध्ये एकूण १७५ लाख टनांपैकी १३१ लाख टन मासळी तळी, तलाव, धरणं, नद्या आणि खाजणातल्या पाण्यातून आली. समुद्राचं काय झालं? कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या मोजणीत देशाच्या किनाऱ्यावर २०१२ मध्ये ३९.४ लाख टन मासळी उतरली होती; २०२४ मध्ये ३४.७ लाख टन. ज्या दशकाच्या वाढीचे गोडवे गायले जातात त्या दशकात समुद्र वाढला नाही, घटला. महाराष्ट्रात २०१९ साली अवघी २.०१ लाख टन मासळी उतरली, त्याआधीच्या ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळं आली हे खरं, पण वादळं काही पहिल्यांदा आली नव्हती. केरळात तारली (सार्डिन) २०१२ मध्ये जवळपास चार लाख टन मिळाली होती. २०२१ मध्ये ३,२९७ टन. हा आकडा छापताना एखादं शून्य गळलेलं नाही. तारली समुद्राच्या तापमानाप्रमाणे आणि प्रवाहाप्रमाणे येते-जाते, पुन्हा येईलही. पण ज्या नाखव्यानं कर्ज काढून बोट घेतली त्याला बँक ‘तारली येईपर्यंत’ थांबत नाही.

तेव्हा ‘मत्स्यव्यवसाय ८.८ टक्क्यांनी वाढला’ हे वाक्य सातपाटीच्या किंवा हर्णैच्या माणसाला वाचून दाखवलं तर तो हसेल, नाहीतर शिवी देईल. मिरकरवाड्यासारख्या कुठल्याही मोठ्या बंदरावर सकाळी बोटी लागतात तेव्हा बघावं. सुरमई, पापलेट, कोळंबी, माकुल वेगवेगळ्या टोपल्यांत आणि टबांत निवडली जाते, तिच्यावर बर्फ पडतो, बोली लागते. बाजूला एक ढीग असतो, त्यावर बर्फ पडत नाही. बोटाएवढी, चपटलेली, डोळे बाहेर आलेली मासळी. त्यात उद्याचे बांगडे, उद्याच्या ढोम्या, पापलेटची पिल्लं. हा ढीग फावड्यानं क्रेटमध्ये भरतात आणि तो फिशमीलच्या, म्हणजे जनावरांच्या खाद्यासाठी मासळीची भुकटी करणाऱ्या, कारखान्याकडे जातो. टनांच्या हिशेबात तो टोपलीतल्या सुरमईच्या बरोबरीनं मोजला जातो. २०२३ मध्ये राज्यानं पापलेटला राज्यमासा जाहीर केलं, ते चांगलंच केलं. पण मान दिल्यानं मासा मोठा होत नाही, त्याला वाढायला वेळ द्यावा लागतो. माशांचा आख्खा थवा वेढून उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्यानं बंधनं घातली, एलईडी दिव्यांनी मासे भुलवून केलेल्या मासेमारीवर केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी आणली. रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्रात उजेड कुठे कुठे दिसतो हे कोकणातल्या माणसाला विचारा.

समुद्रातली वाढ हीच मुळात संशयानं पाहण्याची गोष्ट आहे, कारण पकड वाढली म्हणजे मासे वाढले असं नसतं. बहुतेक वेळा जाळं वाढलेलं असतं. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ कॉड माशाची पकड १९६८ मध्ये आठ लाख टनांच्या घरात गेली. त्या साली कुणी वाढीचा दर काढला असता तर टाळ्याच वाजवल्या असत्या. १९९२ मध्ये सरकारला तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार माणसांचं काम गेलं. आपल्याकडे १९५३ पासून केरळात कोल्लमजवळच्या नींडकऱ्याला भारत-नॉर्वे प्रकल्पातून यांत्रिक बोटी आल्या, साठच्या दशकात कोळंबीच्या निर्यातीसाठी ट्रॉलर, म्हणजे समुद्राच्या तळावरून जाळं ओढणाऱ्या बोटी, फोफावले, उत्पादनाचे आकडे चढले; आणि १९८८ मध्ये त्याच केरळाला पावसाळ्यात ट्रॉलिंग बंद ठेवण्याचा निर्णय घ्यावा लागला, तोही पारंपरिक मच्छीमारांच्या दीर्घ आंदोलनानंतर. शेतात यंदा जास्त पिकलं म्हणून पुढच्या वर्षी जमीन रिकामी होत नाही. समुद्रात होते. या दोन्हींना एकाच टक्केवारीनं मोजणाऱ्यानं मोजण्याचं काम सोडून द्यावं.

म्हणजे वाढ उरली तळ्यांची. आणि तळ्यातली मासळी ही शेतीच आहे: बियाणं विकत आणायचं, खाद्य घालायचं, रोग सांभाळायचे, वीजबिल भरायचं, काढणीच्या दिवशी भाव पडला की कपाळावर हात मारायचा. २००९ मध्ये देशात व्हेनामी या परदेशी जातीच्या कोळंबीच्या संवर्धनाला परवानगी मिळाली आणि आंध्रचा किनारा बदलून गेला. या वाढीच्या पोटात काय आहे ते बघा. कोळंबीच्या खाद्यात सोयापेंड आणि गव्हाचं पीठ असतं, जोडीला फिशमील. रोहू-कटल्याला तांदळाचा कोंडा आणि शेंगदाण्याची, सरकीची पेंड. म्हणजे मासळी ज्या वेगानं वाढली तो वेग तिला कुठल्यातरी शेतातून मिळाला. मासे विरुद्ध पीक अशी कुस्ती लावणाऱ्याला हे माहीत नसावं, की यातला एक पैलवान दुसऱ्याच्या घरी जेवतो.

हे नातं किती घट्ट आहे ते जगानं एकदा अनुभवलं आहे. १९७० मध्ये पेरूच्या किनाऱ्यावर अँकोव्हेटा नावाच्या बारीक माशाची पकड १.२ कोटी टनांवर गेली होती; त्यापासून फिशमील करून युरोप-अमेरिकेतल्या कोंबड्या आणि डुकरं पोसली जात. अतिमासेमारी चाललीच होती, त्यात १९७२ चं एल निन्यो आलं आणि १९७३ पर्यंत ती पकड वीस लाख टनांच्याही खाली गेली. फिशमील मिळेना, मग सगळे सोयापेंडीकडे वळले, सोयाबीनचे भाव भडकले आणि जून १९७३ मध्ये अमेरिकेनं सोयाबीनची निर्यातच रोखली. घाबरलेल्या जपाननं पुढे ब्राझीलच्या माळरानांवर सोयाबीन पिकवायला पैसा ओतला. आज लातूरचा सोयाबीन ज्या ब्राझीलशी भावात झगडतो, त्या ब्राझीलच्या सोयाबीनची एक मुळी अशी पेरूच्या मासळीपर्यंत जाते. १९७२ म्हटलं की आपल्याला दुष्काळ आणि रोजगार हमीची कामं आठवतात. त्याच वर्षी दुसऱ्या टोकाला एक मासा संपला आणि त्याची झळ पुढे आपल्या बांधापर्यंत आली, हे क्वचितच कुणी सांगतं.

आता भावाच्या मुद्द्याकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा कणा तो आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला. पशुखाद्याची मागणी होती, भाव मिळत होता. टक्केवारीवाले ज्या बदलत्या आहाराचं कौतुक करतात त्याच आहाराचा पैसा कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशात येऊ लागला होता. केंद्रानं काय केलं? कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून १२ लाख टन जनुकबदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. नवा माल बाजारात आला तेव्हा भाव निम्म्याजवळ होता. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभरा, गहू यांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद केले आणि त्या बंदीला मुदतवाढीवर मुदतवाढ दिली. मे २०२२ मध्ये गव्हाची निर्यात बंद, जुलै २०२३ मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबरला सरळ निर्यातबंदी. ती उठली मे २०२४ मध्ये, निवडणुकीच्या धामधुमीत, तीही शुल्क कायम ठेवून. शुल्क पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडला. तुरीच्या आयातीवरचे निर्बंध मे २०२१ मध्ये उठले, आयातशुल्क मार्च २०२३ मध्ये. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत माफ झालं, ऐन हंगामाच्या तोंडावर.

आणि मासळी? ज्या २०२३-२४ सालात लासलगावचे लिलाव निर्यातबंदीच्या निषेधात बंद पडले, त्याच सालात देशातून ६०,५२३ कोटी रुपयांची मासळी निर्यात झाली. त्यातली दोन तृतीयांश रक्कम एकट्या गोठवलेल्या कोळंबीची. लहान आकाराच्या आणि संरक्षित जातींवर बंधनं आहेत, ती असायलाच हवीत. पण शहरातल्या ग्राहकाला कोळंबी स्वस्त मिळावी म्हणून निर्यात बंद केली, असं कधी ऐकलंय? पापलेट दोन हजार रुपये किलो झालं म्हणून कुठल्या मंत्र्यानं साठामर्यादा लावली? लावणार नाही. १९९८ मध्ये कांद्यानं दिल्लीचं सरकार घालवलं. सुरमईनं अजून एक नगरसेवकही पाडलेला नाही. मासळीचं भाग्य असं, की तिच्या भावाचं राजकारण होत नाही. तिला मिळालेली मोकळीक कुणी विचारपूर्वक दिलेली नाही, ती दुर्लक्षातून मिळाली आहे. आणि आज त्याच मोकळिकीचं फळ दाखवून कांदावाल्याला सांगितलं जातं: बघ, ते कसे पुढे गेले!

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की मोकळ्या बाजारानं मासळीचं नुकसानही केलं. खरं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं तेव्हा आंध्रच्या तळ्यांवर कोळंबीचे भाव कोसळले, कारण सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एकच होतं. पण तो धोका एका बाजारावर विसंबून राहण्याचा आहे. बाहेरच्या सरकारनं दार बंद केलं तर दुसरं दार शोधता येतं. आपल्याच सरकारनं आतून कडी घातली तर शेतकऱ्यानं जावं कुठे? दुसरा आक्षेप जास्त टोचणारा: मासळी नुसत्या मोकळिकीवर वाढली नाही, आंध्रनं मत्स्यतळ्यांना दीड रुपया युनिटनं वीज दिली, केंद्रानं २०२० मध्ये २०,०५० कोटींची मत्स्यसंपदा योजना आणली. हेही खरं, आणि म्हणूनच वाढीच्या दराला एखाद्या धंद्याच्या गुणवत्तेचं प्रमाणपत्र समजू नये. १९६४-६५ मध्ये १.२३ कोटी टन असलेला गहू १९७०-७१ मध्ये २.३८ कोटी टनांवर गेला. त्या वर्षांत ज्वारी जागच्या जागी होती. तेव्हाही शहाणी माणसं म्हणायची, की पंजाबचा शेतकरी उद्यमी आणि आपला ज्वारीवाला मागासलेला. गव्हाला बियाणं, कालवा, खत आणि हमखास सरकारी खरेदी मिळाली होती, ज्वारीला यातलं जवळजवळ काहीच नाही, ही गोष्ट त्या तुलनेत कुणी घेत नव्हतं. आणि गव्हाच्या त्या वाढीचं बिल पंजाबच्या भूजलानं पुढे भरलं, अजून भरतो आहे.

मासळीचं बिलही पाण्यातच येतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर टायगर कोळंबीची अशीच धूम होती. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला आणि तळी ओस पडली. शेजारच्या भातखाचरांत आणि विहिरींत खारं पाणी शिरल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, आणि डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयानं किनारी नियमन क्षेत्रातल्या कोळंबी तळ्यांवर बंदीचा निकाल दिला. पुढे २००५ मध्ये वेगळा कायदा करून वाट काढावी लागली. आंध्रातलं कोल्लेरू सरोवर मत्स्यतळ्यांच्या बांधांनी इतकं गिळलं, की २००६ मध्ये ते बांध सरकारलाच फोडावे लागले. याचा अर्थ तळी नकोत असा नाही. हरियाणा-पंजाबात जिथे भूजल खारं झालं आणि गहू उगवत नाही, तिथे कोळंबी ही खरोखर शहाणपणाची शेती आहे. रायगडात पेण-अलिबागकडे भातखाचराला लागून तळं ठेवायचं आणि त्यात जिताडा वाढवायचा, ही रीत कुठल्याही योजनेच्या आधीची आहे. प्रश्न जागेचा आणि पाण्याचा आहे. मराठवाड्यातल्या माणसाला ‘शेततळ्यात मासे टाक’ म्हणणाऱ्यानं ते शेततळं कधी पाहावं. प्लास्टिक अंथरलेलं, बऱ्याचदा विहिरीतून किंवा बोअरमधून भरलेलं ते पाणी एप्रिल-मेमध्ये मोसंबी किंवा डाळिंब जगवायला ठेवलेलं असतं. माशाला नेमकं तेव्हाच ते पाणी हवं असतं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मृतसाठ्यात खोलवर गेलं; भिगवणच्या बाजारात चिलापी विकणाऱ्यांना त्या वर्षी राष्ट्रीय वाढीचा दर विचारायला हवा होता. ज्या राज्याची शेतीच पाचातले चार हिस्से पावसावर आहे, तिथे ‘पीक सोडा, पाणी साठवून मासे वाढवा’ हा सल्ला म्हणजे ज्या गोष्टीची टंचाई आहे तीच दुप्पट मागणं.

मग कृषीचा दर्जा चुकला का? नाही. शेतीच्या कैवाऱ्यांची ‘वाटेकरी’ची तक्रार मला पटत नाही. तळ्यात मासे वाढवणाऱ्याला शेतीच्या दरानं वीज, पीककर्जासारखं कर्ज, नुकसान झालं तर भरपाई मिळावी. तो शेतकरीच आहे, आणि बहुतेक वेळा तो त्याच गावातला, त्याच सातबाऱ्यावरचा माणूस आहे. माझी शंका वेगळी आहे. हा दर्जा तळ्याला नीट लागू पडतो आणि समुद्राला लागत नाही. समुद्रात एकाच जागी रोवलेल्या डोल जाळ्यानं मासे धरणाऱ्या डोलकराला स्वस्त विजेचा फारसा उपयोग नाही. त्याला डोल लावायला जागा हवी. वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली, प्रकल्प ७६,२२० कोटींचा. तिथे मासेमारीची जागा जाईल म्हणून डहाणू-पालघरचे मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडत आहेत. शेतकऱ्याची जमीन गेली तर सातबारा तरी दाखवता येतो. डोलीची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते, पण तिचा उतारा कुठल्या तलाठ्याकडे मिळतो? कृषीचा दर्जा द्यायचाच तर शेतकऱ्याकडे असलेली ही एक गोष्ट, आपल्या कसण्याच्या जागेवरचा लेखी हक्क, कोळ्याला द्या. बाकी परतावे आणि अनुदानं नंतर पाहू. उलट शेतकऱ्याला मासळीकडे असलेली गोष्ट द्या, ती म्हणजे भाव चढला तर चढू देण्याची मुभा. या देवाणघेवाणीवर एकही चर्चासत्र भरलेलं मी पाहिलेलं नाही.

भंडारा-गोंदियाकडे मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हजारोंनी आहेत. एकाच तलावावर दोन जणांचं पोट असतं. भातवाल्यांना ऑक्टोबरात धान निसवताना पाणी हवं, ढिवरांच्या, म्हणजे तिथल्या मच्छीमारांच्या, सहकारी संस्थेला तेच पाणी उन्हाळ्यापर्यंत हवं, कारण मासा अजून विक्रीजोगा झालेला नसतो. ठेका मत्स्यसंस्थेनं भरलेला असतो, पाण्याचं दार भातवाल्यांच्या हातात असतं. बेशरमाची झुडपं वाढून तलावाच्या कडा आक्रसल्या, गाळ साचला, तसं हे भांडण दरवर्षी थोडं लवकर सुरू होतं. पीक आणि मासळी यांचा खरा प्रश्न इथे आहे, दिल्लीच्या अहवालातल्या दोन ओळींत नाही. सरकारनं नव्या दर्जाचा पहिला वापर इथे करावा: दार कोणत्या पातळीला बंद करायचं, तळाशी मासळीसाठी किती पाणी राखायचं, कमी पाऊस झाला तर कुणी किती सोसायचं, हे दोन्ही संस्थांनी रोवणीआधी एकत्र बसून लिहून ठेवावं आणि त्या कागदाला कायद्याचं बळ द्यावं. याला मत्स्यसंपदा योजनेतला एक रुपयाही लागत नाही. कदाचित म्हणूनच ते कुणाच्या यादीत नाही.